ग्रानादा: आधी तिकिटावरची वेळ, मग बाकीचं शहर

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी विमान बघतात, मग हॉटेल आणि सगळ्यात शेवटी अल्हाम्ब्राचं तिकीट. हा क्रम उलटा करा. या शहरात एकच गोष्ट तुमच्या हातात नसते, ती म्हणजे अल्हाम्ब्रातल्या नसरी राजवाड्यांत शिरायची वेळ. बाकी सगळं त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे बसवता येतं.

तिकिटाचं गणित असं. अल्हाम्ब्रा हा एक राजवाडा नाही, ती अख्खी डोंगरावरची राजनगरी आहे. तिचे तीन भाग तिकिटाचे: आल्कासाबा म्हणजे जुना किल्ला, हेनेरालिफे म्हणजे उन्हाळी वाडा आणि बागा, आणि मधोमध नसरी राजवाडे, म्हणजे ग्रानादावर राज्य केलेल्या शेवटच्या मुस्लिम घराण्याचे महाल. ‘जनरल’ तिकिटात तिन्ही येतात, किंमत साधारण 20 युरोच्या आसपास. किल्ला आणि बागा त्या दिवशी उघड्या असेपर्यंत कधीही बघा. नसरी राजवाड्यांना मात्र अर्ध्या तासाची खिडकी असते. 10:30 लिहिलंय तर 10:30 ते 11:00 या वेळेत दारातून आत जायचं. आत गेल्यावर कितीही वेळ थांबा, कुणी हाकलत नाही. पण 11:05 ला पोहोचलात तर दार बंद, आणि तिथल्या कर्मचाऱ्यापुढे कितीही गयावया केली तरी उपयोग होत नाही.

तिकीट फक्त अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणारे दुवे बहुधा दलालांचे असतात; तेच तिकीट दुप्पट भावात, वर गळ्यात एक गाईड. तिकीट नावावर असतं आणि त्यावर पासपोर्टचा क्रमांक घालावा लागतो. आपल्याकडच्या लोकांचा घोळ इथेच होतो. तिकीट काढल्यानंतर पासपोर्टचं नूतनीकरण केलं की क्रमांक बदलतो. मग जुना रद्द झालेला पासपोर्टही सोबत ठेवा. आत शिरताना मूळ पासपोर्ट दाखवायचा असतो, आणि फोनमधला फोटो चालेल यावर विसंबून राहू नका. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून डोंगर चढून आलेले पर्यटक तिथे रोज दिसतात. 12 वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांचंही तिकीट काढावंच लागतं.

दुसरी अडचण शेंगेन व्हिसाची. व्हिसा हातात आल्यावर तिकीट काढू म्हटलं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या तारखा केव्हाच संपलेल्या असतात. आमचं मत सरळ आहे: तारखा पक्क्या झाल्या की व्हिसाच्या आधीच तिकीट काढा. माणशी वीसेक युरोंचा धोका पत्करणं हे अल्हाम्ब्रा न बघता परत येण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तरीही मिळालं नाहीच तर? रद्द झालेली तिकिटं अधूनमधून संकेतस्थळावर परत दिसतात, म्हणून आदल्या आठवड्यात रोज डोकावत राहा. राजवाड्यांचं रात्रीचं तिकीट वेगळं असतं आणि ते बरेचदा उशिरापर्यंत शिल्लक असतं. त्यात किल्ला-बागा नाहीत, पण दिव्यांच्या मंद उजेडात कोरीवकाम जास्त उठून दिसतं. ‘दोब्ला दे ओरो’ नावाचं एक जोडतिकीट आहे. त्यात अल्हाम्ब्राबरोबर खालच्या शहरातली अरबी काळातली काही घरं आणि हमामही येतो. जनरल संपलं असलं तरी इथे कधीकधी जागा सापडते. आणि नुसतं बागा-किल्ल्याचं तिकीट घेऊन दुसऱ्या दिवशी रात्री राजवाडे, असं दोन तुकड्यांतही जमवता येतं.

आता वर कसं जायचं. नकाशावर ‘अल्हाम्ब्रा’ टाकलं की फोन मुख्य तिकीटखिडकीकडे नेतो. ती हेनेरालिफेच्या टोकाला आहे आणि तिथून नसरी राजवाड्यांच्या दारापर्यंत पायी 15 ते 20 मिनिटं लागतात. वेळ चुकणाऱ्यांतले निम्मे इथे चुकतात: ते अल्हाम्ब्रात वेळेवर पोहोचलेले असतात, राजवाड्यांच्या दारात नाही. तिकीट हातात असेल तर मुख्य खिडकीकडे जायचं कारणच नाही. प्लाझा नुएव्हा या चौकातून कुएस्ता दे गोमेरेसचा चढ धरा, डाळिंबांची कमान (पुएर्ता दे लास ग्रानादास) ओलांडा, झाडीतून वर चढा आणि पुएर्ता दे ला हुस्तिसिया म्हणजे न्यायाच्या दरवाजाने आत शिरा. चौकापासून वीस मिनिटं. गुडघे कुरकुरत असतील तर तीस. हा दरवाजा 1348 चा आहे. आतली वाट दोनदा-तीनदा काटकोनात वळते, कारण घोडदौड करत आलेल्या शत्रूचा वेग तिथे मोडावा. चालायचं नसेल तर सी-30 ही लाल मिनीबस प्लाझा इसाबेल ला कातोलिकापासून वर जाते. तिचा एक थांबा या दरवाजाजवळ आहे, तिथे उतरा.

कोणती वेळ घ्यावी? पर्याय असेल तर सकाळी 8:30 ची. त्या वेळी आत पहिली तुकडी तुमची असते, आणि सिंहांच्या चौकात पाच-सात मिनिटं तरी जवळजवळ निवांत मिळतात. राजवाडे झाले की किल्ला, मग पाचव्या कार्लोसच्या (सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या राजाच्या) वाड्यासमोर बसून बरोबर आणलेलं खाणं, आणि शेवटी हेनेरालिफे. दुपारची वेळ मिळाली तर उलटं करा: मुख्य दाराने येऊन आधी हेनेरालिफे, मग चालत खाली येत किल्ला, आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी राजवाड्यांच्या रांगेत. मात्र किल्ल्यात आणि हेनेरालिफेत प्रत्येकी एकदाच शिरता येतं, म्हणजे ‘उन्हं उतरल्यावर परत येऊ’ हा बेत चालत नाही. एकूण चार तास धरा. तीन तासांत आटपणारी माणसं हेनेरालिफेत धावत असतात.

राजवाड्यांत वाट एकाच दिशेची आहे, मागे फिरता येत नाही, म्हणून कुठे थांबायचं हे आधी माहीत हवं. पहिलं दालन, मेशुआर, पटकन ओलांडा. गर्दी तिथेच तुंबते, कारण सगळे पहिल्याच भिंतीचे फोटो काढत बसतात. पुढे येतो विलायती मेंदीच्या (मर्टलच्या) झुडपांचा चौक, मधे लांब हौद आणि त्यात 45 मीटर उंच कोमारेस बुरुजाचं प्रतिबिंब. हौदाच्या दोन्ही टोकांना दगडी थाळ्यांतून पाणी येतं, ते नीट बघा: पाणी थाळीत घुटमळून, अरुंद पन्हळीतून अगदी हळू हौदात उतरतं. त्यामुळे पाण्यावर तरंग उठत नाही आणि आरसा फुटत नाही. ज्याने हे योजलं तो गवंडी होता, इंजिनियर होता की कवी, हे ठरवणं अवघड आहे.

बुरुजाच्या पोटात राजदूतांचा दिवाणखाना. इथे मान वर करा. छत देवदाराचं, आठ हजारांहून जास्त तुकडे जोडून केलेलं, सात स्वर्गांची कल्पना मांडणारं. भिंतीवर पुन्हा पुन्हा येणारी अरबी ओळ एकच आहे: ‘ईश्वराशिवाय कुणी विजयी नाही.’ ते नसरी घराण्याचं बोधवाक्य. एकदा तिचा आकार ओळखीचा झाला की पुढे प्रत्येक खोलीत ती आपोआप सापडत जाते. मुलं सोबत असतील तर त्यांना हाच खेळ द्या. भिंतीचा खालचा कंबरेइतका भाग फरश्यांचा आहे. तो रंगवलेला नाही. एकेका रंगाची फरशी भाजून, मग छिन्नीने आकार कापून तुकडे जोडलेत. वरचं नक्षीकाम दगडाचं वाटतं, पण ते गिलाव्याचं आहे आणि मुळात ते निळं, लाल, सोनेरी होतं. कोपऱ्यांत, खोबणींत अजून रंग टिकून आहे.

सिंहांचा चौक नसरी सुलतान पाचव्या मुहम्मदाने 14व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. बारा सिंह, 124 सडपातळ खांब, कारंज्याच्या थाळीच्या कडेवर दरबारी कवी इब्न झमरकची कविता. खांब आणि त्यांच्या बैठकीच्या सांध्यात शिशाचे पातळ पत्रे घातलेत. हा भूकंपाचा मुलूख आहे, आणि मऊ शिसं हादरा गिळतं. चौकाच्या बाजूला ‘दोन बहिणींचं’ दालन आहे. नावावरून प्रेमकथा शोधू नका, जमिनीतल्या दोन मोठ्या संगमरवरी फरशा म्हणजे त्या बहिणी. त्याचा घुमट मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पाच हजारांहून जास्त छोट्या कोनाड्यांनी भरला आहे. समोरच्या आबेनसेराखेस दालनात गर्दी जास्त, कारण तिथल्या हौदातल्या तांबूस डागांना गाईड लोक रक्त म्हणतात. तो गंज आहे. छत बघा आणि पुढे चला.

हेनेरालिफेत फुलांपेक्षा पाणी बघायचं. दारो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून वळवून पाटाने इथे आणलं, आणि त्या एका शाही पाटावर ही सगळी राजनगरी जगली. बागेच्या वरच्या टोकाला एक जिना आहे, त्याच्या कठड्यात पन्हळ कोरलेली आहे आणि तिच्यातून पाणी वाहतं. उन्हाळ्यात त्यात हात बुडवून जिना उतरा. बरेच जण तिथपर्यंत चढतच नाहीत. आता चौकांत जी उंच उडणारी कारंजी दिसतात ती खूप नंतरची. मूळ रचनेत पाणी इतका आवाज करत नव्हतं.

पाचव्या कार्लोसचा वाडा बाहेरून चौकोनी आणि आत गोल. 1527 मध्ये काम सुरू झालं आणि छप्पर पडायला विसावं शतक उजाडलं. आत जायला पैसे लागत नाहीत. तळमजल्यावर अल्हाम्ब्राचं संग्रहालय आहे, तेही फुकट, सोमवारी बंद. तिथे हरणांचा रांजण ठेवलाय, माणसाच्या छातीइतका उंच. सोमवारी अल्हाम्ब्रा केलंत तर हे हुकतं.

काही किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी. वाटा गोट्यांच्या आहेत, पातळ तळव्याच्या चपलांनी संध्याकाळी पाय ठणकतात आणि पावसात त्याच गोट्या साबणासारख्या होतात. मोठी पाठपिशवी आत चालत नाही, छोटी असली तर पोटावर घ्यायला सांगतात. कॅमेऱ्याच्या तिवईला बंदी. ग्रानादा समुद्रसपाटीपासून जवळजवळ 700 मीटरवर आहे: जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा 35 च्या वर आणि जानेवारीच्या पहाटे शून्याजवळ. अंदालुसिया (स्पेनचा हा दक्षिणेकडचा प्रांत) म्हणजे ऊन एवढंच डोक्यात ठेवून हिवाळ्यात सुती शर्टावर आलेले लोक पहिल्याच दिवशी कोट विकत घेतात. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या, सिएरा नेवादा या डोंगररांगेच्या बर्फाचं आहे आणि चवीला छान आहे.

अल्हाम्ब्राच्या दिवशी दुपारी दुसरं काही ठेवू नका. शहरही दोन ते पाच झोपलेलंच असतं. उठून संध्याकाळी समोरच्या टेकडीवर, आल्बायसीनमध्ये जा. हा जुना मुसलमानी मोहल्ला: पांढरी घरं, आतल्या बागा बाहेरून न दिसणारे ‘कार्मेन’ वाडे, आणि जागोजागी पाण्याच्या जुन्या टाक्या. चढायचं कंटाळवाणं वाटलं तर प्लाझा नुएव्हाहून सी-31. पण एकदा तरी दारोच्या काठाने चालत जा. त्या वाटेवर 11व्या शतकातला बान्युएलो हमाम आहे. छताला ताऱ्यांच्या आकाराची भोकं आहेत, वाफ आणि उजेड दोन्हीसाठी. बघायला वीस मिनिटं पुरतात.

सान निकोलासच्या सज्ज्यावरून अल्हाम्ब्रा आणि मागे बर्फाची सिएरा नेवादा, हा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो दुपारी येत नाही. तुम्ही उत्तरेला उभे असता आणि सूर्य अल्हाम्ब्राच्या पाठीमागे, त्यामुळे सगळं काळं दिसतं. सूर्यास्ताआधीचा पाऊण तास धरा. तेव्हा पश्चिमेचं ऊन भिंतींवर पडतं आणि त्या खरोखर लाल होतात. ‘अल्हाम्ब्रा’चा अर्थच ‘लाल’. बर्फ हवा असेल तर डिसेंबर ते एप्रिल. गर्दीत खिशाकडे लक्ष ठेवा. गर्दी नकोच असेल तर शेजारच्या मशिदीच्या बागेत शिरा. ही मशीद 2003 मध्ये उघडली, बाग सगळ्यांना खुली असते आणि देखावा तोच. चढायची तयारी असेल तर सान मिगेल आल्तो हे छोटं चर्च आणखी वर आहे, तिथून अल्हाम्ब्रा पायाशी दिसतो.

सपाटीवरच्या शहराला अर्धा दिवस पुरतो. कापिया रेआल म्हणजे राजघराण्याच्या प्रार्थनागृहात राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या समाध्या आहेत. 2 जानेवारी 1492 ला ज्यांनी शेवटचा नसरी सुलतान बोआब्दिल याच्याकडून ग्रानादा घेतलं तेच हे दोघे. वर संगमरवराची भव्य शिल्पं आणि खाली तळघरात शिशाच्या साध्या पेट्या. हा विरोध बघण्यासाठीच तळघरात उतरा. फोटोला मनाई आहे आणि ती ते पाळून घेतात. कॅथेड्रल लागूनच आहे पण तिकीट वेगळं. एकच घ्यायचं झालं तर कापिया रेआल. कोर्राल देल कार्बोन ही 14व्या शतकातली व्यापाऱ्यांची सराई फुकट बघता येते. शेजारच्या आल्काइसेरियात रेशीमबाजार होता म्हणून सांगतात ते खरं, पण तो 1843 च्या आगीत जळाला; आत्ताच्या गल्ल्या नव्याने बांधलेल्या आणि माल बराचसा बाहेरून आलेला. काही घ्यायचंच तर तारासेआ, म्हणजे लाकडात रंगीत लाकूड-हाडाचे तुकडे बसवून केलेल्या पेट्या. घेताना बोट फिरवा: नुसता छापील कागद चिकटवलेला असेल तर सांधे बोटाला लागत नाहीत. कॅथेड्रलच्या आसपास काही बायका हातात रोझमेरीची काडी कोंबतात आणि मग हात बघून पैसे मागतात. हात खिशात, ‘नो, ग्रासियास’, आणि चालत राहा.

खाण्याचं. ग्रानादात पेय मागवलं की तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येते. दुसरं पेय, दुसरी बशी, आणि ती बहुधा पहिलीपेक्षा बरी. दारू नको असेल तर मोस्तो मागा, द्राक्षाचा गोड रस. थंड पेयांबरोबरही तापा मिळते, कॉफीबरोबर सहसा नाही. तीन ठिकाणी एकेक पेय घेतलं की जेवण झालं. मात्र वेळा पाळा: दुपारी दीड ते चार, रात्री साडेआठनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागली तर स्वयंपाकघरं बंद असतात.

शाकाहारी असाल तर जागे राहा, कारण तापा बरेचदा हॉटेलवाला ठरवतो. पेय सांगतानाच म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन.’ मांस, मासा आणि हामोन तिन्ही वेगवेगळे सांगायचे. हामोन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चकत्या, अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाही. सालमोरेखो या थंड, दाट टोमॅटो सूपवर तो भुरभुरलेला असतो, क्रोकेता या तळलेल्या गोळ्यांच्या पोटात असतो, हिरव्या घेवड्यासारख्या ‘आबास’मध्येही असतो. सॅलडवर न सांगता ट्यूना येतो. तोर्तिया एस्पान्योला म्हणजे बटाटा-अंडं, ती चालत असेल तर निर्धास्त. पण तोर्तिया देल साक्रोमोंतेमध्ये भेजा असतो, नावातल्या साम्यावर जाऊ नका. मांतेकादो आणि पोल्वोरोन या गोड वड्या परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. अंडंही न खाणाऱ्यांसाठी पिस्तो (टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या; अंडं वगळून मागायचं), गास्पाचो (थंड टोमॅटो सूप) आणि सगळ्यात उत्तम म्हणजे बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या: वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप आणि वर उसाचा काळा पाक. हा पाक म्हणजे आपली काकवीच. ग्रानादाच्या किनारपट्टीवर, मोत्रीलच्या बाजूला, अरबांच्या काळापासून ऊस होता. तिथला शेवटचा साखर कारखाना 2006 मध्ये बंद पडला.

आल्बायसीनशेजारच्या साक्रोमोंते या टेकडीवरच्या वस्तीतल्या गुहांमध्ये फ्लामेंको बघायचा असेल तर ‘बसने ने-आण, एक पेय’ असल्या पॅकेजमध्ये खोली खचाखच भरते आणि तुम्ही भिंतीला. रात्रीचा दुसरा खेळ घ्या आणि शक्यतो पुढच्या रांगेत बसा. नाच पायांचा आहे, मागून पाय दिसत नाहीत. परतताना सी-34 ची शेवटची बस आधी बघून ठेवा, नाहीतर दारोकाठाने खाली अर्धा तास चालायचं, जे तसं वाईटही नाही.

पोहोचायचं कसं: माद्रिदहून थेट वेगवान गाडी आहे, सव्वातीन ते पावणेचार तास. मालागाला विमानाने उतरलात तर विमानतळावरूनच बस मिळते, दोनेक तासांत ग्रानादा. मेट्रो रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक दोन्हीकडे थांबते, पण ती जुन्या शहरात किंवा अल्हाम्ब्राला जात नाही. तिथे शहराची बसच. भाड्याची मोटार घेतली असेल तर मध्यवर्ती भागात आणि आल्बायसीनमध्ये कॅमेरे आहेत, परवानगी नसलेल्या गाडीला दंड लागतो आणि तो घरी परतल्यावर कार्डावरून वळता होतो. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी कळवा, ते नोंदवून देतात. अल्हाम्ब्राच्या वाहनतळाला शहरातून नाही, बाहेरच्या वळणरस्त्याने जायचं असतं.

दोन रात्री पुरतात. तिसरी हाताशी असेल तर ती कॅथेड्रलांवर घालवू नका. आठेक किलोमीटरवरच्या मोनाचीलला जा. तिथे लोस काओर्रोस या घळीत झुलते पूल आहेत आणि पुढे कड्याखालून वाकून, भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत जायची वाट आहे. एका वेळी पुलावर किती माणसं चालतात ते फलकावर लिहिलेलं असतं. रविवारी टाळा, अख्खं ग्रानादा तिथे डबे घेऊन आलेलं असतं.